डोंबिवलीचा पास आणि लशीची मालकी

१५ ऑगस्ट २०२१ रोजी लोकलचे दार सर्वसामान्यांस उघडले, ते दोन मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांपुरतेच. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे प्रमाणपत्र दाखविल्यावाचून पास मिळत नव्हता. आता हिशेब मांडावा. १ मे रोजी पंचेचाळिशीच्या आतील लोकांना लस खुली झाली. पण साठ्याअभावी राज्याची मोफत मोहीम मेच्या मध्यासच थांबली. खिशात पैसे असलेल्याने खासगी रुग्णालय गाठले, बाकीचे २१ जूनच्या सुमारापर्यंत तिष्ठत राहिले. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचे अंतर. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात टोचून घेतलेला स्वातंत्र्यदिनी गाडीत बसला. जूनमधल्याला सप्टेंबरअखेर उजाडली. दिव्याच्या चाळीतील दुकान-नोकराची सहा आठवड्यांची मजुरी बुडाली, ती कोणी भरून दिली?

हा तुटवडा दैवी नव्हता. विषाणूचे स्पाइक प्रथिन पेशीत शिरताना रूप पालटते. शिरण्यापूर्वीचे रूप शरीराला दाखविता आले, तर विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे विपुल निर्माण होतात. दोन प्रोलीन घालून ते रूप जखडण्याची युक्ती अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेतील व विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी मर्स विषाणूवर काम करताना शोधली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे कोव्हॅक्सिनचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने वेगळा करून दिला. दोन्हीकडे पैसा जनतेचा! आणि एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनचा भाव काय? केंद्राला १५० रुपये, राज्यांना ६००, खासगी रुग्णालयांना १,२००. ओरड झाल्यावर राज्यांचा भाव ४०० झाला. अर्थशास्त्रात याला मूल्यभेद म्हणतात. तो मक्तेदारालाच साधतो.

तयार प्रतिपिंडांची कथा तर याहून लाजिरवाणी. मे २०२१ मध्ये रोश व सिप्ला यांनी आणलेल्या मिश्रणाची एका रुग्णाची मात्रा ५९,७५० रुपयांची होती.

पेटंट नसेल तर शोध कोण लावील, असे बाजारपेठेचे भाट विचारतात. टेक्सासमधील शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये वाढविता येणारे प्रथिन पेटंटविना खुले केले. त्यावर हैदराबादेत बनलेली कोर्बेव्हॅक्स केंद्राने १४५ रुपयांना घेतली. परळच्या हाफकिनला मात्र कोव्हॅक्सिन-निर्मितीची परवानगी मिळाली ती दुसरी लाट अंगावर आल्यानंतर, एप्रिल २०२१ मध्ये. शतकभर लशी बनविणाऱ्या सार्वजनिक संस्थेची आठवण इतक्या उशिरा यावी, हा केवळ विसराळूपणा म्हणायचा काय?

पुढचा विषाणू फार दूर नाही. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्याच संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले. सप्टेंबर २०२३ मध्ये केरळात निपाह उद्भवला, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणलेली प्रतिपिंडे देशाजवळ दहा रुग्णांपुरती होती. निपाहवरील लशीच्या प्रथिनाची व प्रतिपिंडांची रचना सरकारी प्रयोगशाळेत व्हावी, तिची मालकी जनतेची राहावी आणि उत्पादन हाफकिनमध्ये व्हावे, ही मागणी ठाणे-कल्याणच्या कार्यकर्त्यांनी साथ नसतानाच लावून धरली पाहिजे.