अग्रदूत ठरविण्याची घाई

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड या जपानी कंपनीच्या कळफलकी वाद्यांवर, डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. ती ध्वनिमुद्रिका आपण विसरलो. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तिकडे ‘अ‍ॅसिड हाउसची अग्रदूत’ ठरली, आणि मग आपण धन्य झालो. हा गौरव परावलंबी आहे. यंत्राच्या काटेकोर आवर्तनात ललत, तोडी, मालकंस यांची मींड टिकते, की रागाचे नुसते स्वरच उरतात, हा समीक्षेचा खरा प्रश्न. आमच्या बुलढाण्यातल्या वर्गांतही हेच चालते : मर्ढेकरांशेजारी एलियट ठेवला की व्याख्यान संपते. कृती कुणाआधीची वा कुणासारखी, हे सांगणे म्हणजे ती वाचणे नव्हे. आधी ऐकावे, वंशावळ नंतर सावकाश मांडता येईल.