प्लग काढून परत लावा!

कॉन्व्हेंटमध्ये शिकलोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. विषय मात्र सगळ्यांचा आहे. पाण्याचा.

आमच्या एका सीनियरने रास्पबेरी पायवर होस्टेलच्या टाकीची पातळी मोजणारी स्क्रिप्ट लिहिली होती. पाणी कमी झालं की वॉचमनकाकांना मेसेज, की काका पंप लावणार. सगळे खूश! दादा पास आऊट झाला आणि नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट गेली. लाईट आली, पाय चालू झाला, पण स्क्रिप्ट नाही. कारण ती दादा स्वतः टर्मिनल उघडून सुरू करायचा. सकाळी अख्खा मजला बादल्या घेऊन खाली.

माझं स्पष्ट मत आहे, हाताने सुरू करावी लागते ती स्क्रिप्ट म्हणजे नुसता डेमो. तिची सर्व्हिस करा.

हे अवघडही नाही. डेबियन आणि उबुंटूमध्ये २०१५ पासून हे काम सिस्टमडी करतं, पायवरही तेच. दहा-बारा ओळींची युनिट फाईल लिहायची. प्रोग्रॅम कुठे आहे (पूर्ण पाथ द्या), कुठल्या युजरने चालवायचा (रूट नको), आणि पडला तर काय. 'रीस्टार्ट'पुढे 'ऑन-फेल्युअर' लिहिलं की पडलेली स्क्रिप्ट पुन्हा उठते. मग 'डेमन-रीलोड' आणि 'इनेबल'. इथेच बरेच जण फसतात. 'स्टार्ट' म्हणजे फक्त आत्ता, 'इनेबल' म्हणजे पुढच्या प्रत्येक बूटला. दोन्ही हवेत.

मित्र म्हणतात, क्रॉनमध्ये 'ॲट-रीबूट' टाक, झालं. मान्य, सुरू होईल. पण मध्यरात्री मेली तर उठवणार कोण? अर्थात सिस्टमडी म्हणजे जादू नाही. डीफॉल्ट सेटिंगला १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही पडली, तर तेही हात टेकतं. मग जर्नल उघडून चूक आपणच शोधायची.

आमची स्क्रिप्ट मी आता सर्व्हिस केली आहे. परवा लाईट गेली, आली, आणि काकांचा मोबाईल आपोआप वाजला. मला कोणी उठवलंसुद्धा नाही!

सीनियर्सना विनंती, युनिट फाईलमध्ये 'डिस्क्रिप्शन'ची ओळ असते, जाताना ती नीट भरून जा. मागे राहणाऱ्याला तोच आधार. आणि सरांना एक सुचवायचंय. प्रोजेक्टच्या व्हायव्हाला थिअरी जरूर विचारा, पण आधी प्लग काढून परत लावा. काही न करता प्रोजेक्ट चालू झाला, तरच मार्क द्या.