पिंपरीची मर्सिडीज आणि वयाची अट

भारतात जुळणी झालेली पहिली मर्सिडीज-बेंझ १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी येथील प्रकल्पातून बाहेर पडली. उदारीकरणाला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. परदेशी मोटार म्हणजे जबर आयातशुल्क भरून आणलेली श्रीमंती, असा समज असलेल्या देशाला या घटनेचे अप्रूप वाटले. ती गाडी होती ई-२२०, कंपनीच्या सांकेतिक भाषेत 'डब्ल्यू १२४'. त्या पिढीच्या गाड्यांनी आता तिशी गाठली असून वापरलेल्या मोटारींच्या बाजारात त्या अजूनही अधूनमधून दिसतात. त्यांचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न मात्र गॅरेजमधून सरकारी अधिसूचनांच्या पानांवर गेला आहे.

हे मॉडेल युरोपात १९८४ च्या अखेरीस आले आणि जर्मनीत १९९५ मध्येच त्याची जागा नव्या ई-क्लासने घेतली. म्हणजे आपल्याकडे आली ती निरोप घेऊ लागलेली गाडी. त्यावर टीकाही झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. परंतु दहा वर्षे उत्पादनात राहिलेल्या गाडीचे बहुतेक दोष निस्तरलेले असतात, हा त्या व्यवहारातील न बोललेला फायदा होता.

या गाडीची खरी करामत तिच्या मागच्या चाकांपाशी आहे. प्रत्येक चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी धरलेले असून एकेक दांडी चाकाची एकेक हालचाल आवरते. त्यामुळे खड्डा आला, ब्रेक लागला किंवा वळण घेतले तरी चाकाचा रस्त्याशी असलेला कोन फारसा ढळत नाही. झीज होते ती मुख्यतः दांड्यांच्या टोकांना असलेल्या रबरी बुशांची. ती बदलली की तीस वर्षांची गाडीही पूर्वीसारखी सरळ धावू लागते. चौकोनी दिसणाऱ्या या देहाचा वायुरोध गुणांक ०.३० च्या आसपास आहे, हे आजही अनेकांना खरे वाटत नाही. पुढच्या काचेवर एकच वायपर. पण तो फिरताना आत-बाहेर सरकत कोपरे गाठतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. बॉनेट सरळ उभे करता येते, कारण ही गाडी दुरुस्त केली जाणार हे आरेखकाने गृहीत धरले होते. अलीकडच्या किती गाड्यांबद्दल असे म्हणता येईल?

अर्थात भक्तिभावाला येथे जागा नाही. १९९३ नंतरच्या अनेक गाड्यांत इंजिनाजवळील तारांचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, आणि संपूर्ण वायरिंग बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. स्वस्तात मिळालेली मर्सिडीज महागात पडते ती अशी.

आता धोरणाकडे वळू. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई थांबवली. डिसेंबरमध्ये आदेशात बदल करून हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरतेच ठेवले. महाराष्ट्रात वयाची अशी सरसकट बंदी नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण, असा रस्ता आहे. मात्र वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले.

वयावरून बीएस मानकाकडे झालेला हा प्रवास योग्य दिशेचा असला तरी अपुरा आहे. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हटण्यास मात्र २००० साल उजाडले. शिसे या उपकरणाला निकामी करते. म्हणजेच मुंबईत शिसेविरहित पेट्रोलवर चाललेली ई-२२० आणि छोट्या शहरात मिळेल ते पेट्रोल प्यायलेली तिची जुळी बहीण, या दोघींचे वय, इंजिन आणि मानक एक. धूर मात्र वेगळा. तो फरक नोंदणी-पुस्तकात सापडत नाही, नळकांड्याशी सापडतो. पेट्रोल गाड्यांची आपली पीयूसी चाचणी गाडी जागेवर उभी असताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तपासते. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात येतच नाहीत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ई-२५० डिझेलच्या धुरातील सूक्ष्म कण अडवणारी गाळणी तिच्यात नाही आणि कितीही निगुतीने जपली तरी ती बीएस-६ होणार नाही. दाट वस्तीत अशी गाडी रोज चालवण्याचा हक्क मागणे अवघड आहे.

जर्मनीने यावर तोडगा काढला तो उपयोगाचा विचार करून. तीस वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात व चांगल्या स्थितीत राखलेली गाडी तज्ज्ञाच्या तपासणीनंतर 'एच' अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळवते. तिला ठरावीक कर लागतो आणि कमी-प्रदूषण क्षेत्रातही प्रवेश मिळतो. आपल्या २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' ठरण्यास पन्नास वर्षे लागतात. पिंपरीत १९९६ मध्ये जुळलेल्या मर्सिडीजला तो मान २०४६ मध्ये मिळेल. मधल्या काळात ती ना वारसा, ना नित्य वापराची गाडी. मर्यादित वापराच्या अटीवर तीस वर्षांचा टप्पा आपल्याकडेही का ठेवू नये, याचे उत्तर परिवहन मंत्रालयाने द्यावयास हवे.