अकरा महिन्यांचा परदेश

केंद्र सरकारच्या नोकरीत शिरताना उमेदवाराला साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्याच्या माथ्यावरच ताकीद असते: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर अपात्र ठराल. दिल्ली पोलीस असो की केंद्रीय राखीव पोलीस दल, ताकीद तीच. मग रकाने सुरू होतात. त्यातला एक वास्तव्याचा. गेल्या पाच वर्षांत जिथे एका वेळी एक वर्षाहून अधिक राहिलात ती ठिकाणे लिहा. परदेशी राहिला असाल, तर वयाच्या २१ व्या वर्षानंतर जिथे एक वर्षाहून अधिक राहिलात ती सगळी लिहा. ‘परदेश’ या शब्दाला लागून वर्षानुवर्षे एक कंस छापला जातो : पाकिस्तानसह.

कंस जुन्या काळजीतून आला आहे, हे उघड आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘एक वर्षाहून अधिक’ या शब्दांबद्दल.

रत्नागिरीचा किंवा वास्कोचा मुलगा बोटीवर जातो. त्याचा करार सहा महिन्यांचा, फार तर नऊ. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच. बोटीवर एका दमात बारा महिने ठेवूच नये, असा आंतरराष्ट्रीय दंडकच आहे. पाच वर्षांत तो निम्मे जग बघून येतो आणि नमुन्याच्या हिशेबात गाव सोडून कुठेच गेलेला नसतो. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून परतलेला विद्यार्थीही तसाच. विसाव्या वर्षी दुबईला जाऊन एकविसावे लागताना परत आलेल्याचे तर विचारायलाच नको. पंचविशी-सव्विशीत तो भरतीला उभा राहतो, तेव्हा पाच वर्षांची मर्यादाही उलटून गेलेली असते.

गुन्हा घडायला आणि शिक्षा व्हायला मात्र वर्ष लागत नाही. दारू पिऊन गाडी चालवली, बंदरावरच्या बारमध्ये हाणामारी झाली, दुकानातून वस्तू उचलली. रात्री अटक, सकाळी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कबुली, दंड, सुटका. बोट सुटायच्या आत सगळे आटोपलेले असते. ज्या देशात हे झाले त्या देशाच्या दप्तरी ती शिक्षाच असते.

आता गुन्ह्यांचा रकाना पाहा. तो बारकाईने लिहिलेला आहे. कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्धता झाली का, जामीनकतबा घेतला का, न्यायालयाने दंड केला का, दोषी ठरवले का. विद्यापीठाने काढून टाकले होते का, लोकसेवा आयोगाने परीक्षेला बंदी घातली होती का, इथपर्यंत तो जातो. हे सगळे कुठे, एवढेच त्यात नाही. वास्तव्याच्या रकान्याला पाकिस्तान आठवतो. शिक्षेच्या रकान्याला सिंगापूरचे किंवा साउदॅम्प्टनचे कोर्ट आठवत नाही.

यावर उत्तर तयार असते. न्यायालय म्हणजे कोणतेही न्यायालय, ते आणखी वेगळे कशाला लिहायचे? लिहायचे, कारण सर्वोच्च न्यायालयाने तसे बजावले आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने माहिती दडवण्याबाबतचे विस्कळीत निकाल एकत्र बांधले. त्यातले एक सूत्र असे की, माहिती दडवली असे ठरवायचे तर नमुन्यातला प्रश्न नेमका हवा, मोघम नको. जे नेमके विचारले तेवढेच सांगण्याचे बंधन. म्हणजे परदेशातली शिक्षा न लिहिणाऱ्याच्या वकिलाला युक्तिवाद आयता मिळाला. आमच्या अशिलाला इथल्या न्यायालयांबद्दल विचारले आहे असे वाटले. हा युक्तिवाद टिकेल की पडेल, हा पुढचा प्रश्न. पण करता येतो, आणि तो सरकारी छापखान्याने करू दिला आहे.

त्याच निकालात आणखी एक सूत्र आहे. उमेदवाराने निकाली निघालेले प्रकरण खरेखरे लिहिले, तरी त्याचा पूर्वेतिहास तपासण्याचा हक्क सरकारला राहतो आणि त्याला नेमलेच पाहिजे अशी सक्ती नाही. तत्त्व म्हणून हे योग्य आहे. पोलिसाच्या नोकरीत तर फारच योग्य. पण ते परदेशातल्या शिक्षेला लावून पाहा. दोन उमेदवार, दोघांची शिक्षा सारखी, देश एकच. एकाने लिहिले. त्याची फाईल थांबली, वर गेली, मत मागवले गेले. दुसऱ्याने ‘नाही’ लिहिले. त्याचा नमुना पोलीस ठाण्यात गेला. ठाण्याने आपल्या हद्दीतले दप्तर पाहिले, गावात पोलीस पाटलाला विचारले असेल. काही निघाले नाही. निघणार कसे? प्रशिक्षण केंद्रात तो पहिल्या दिवशी हजर.

देशातल्या गुन्ह्याबाबत खोटे बोलणारा निदान जोखीम पत्करत असतो. कुठल्या तरी ठाण्यात नोंद असते, कधी तरी कुणी तरी ती काढतो. अवतार सिंग निकालापर्यंत पोहोचलेली प्रकरणे अशीच उघडी पडली होती. परदेशातल्या नोंदीला भारतात ठाणेच नाही. तिथे एकमेव साक्षीदार उमेदवार स्वतः. नेमके तिथेच प्रश्न मोघम ठेवला आहे. वयाची अट अशी की, चुकलेली भरती पुन्हा मिळेलच याची खात्री नाही. अशा वेळी ‘लिहू नकोस’ हा सल्ला उमेदवाराला कोण देणार नाही?

पडताळणी करायची नसते असे नाही. ती आपण दुसऱ्यांसाठी करतो. तोच मुलगा नोकरीसाठी परदेशी जायला निघाला की, पारपत्र कार्यालयाकडून पोलीस दाखला घेऊन जातो. त्यासाठी त्याच्याच गावचे ठाणे त्याची चौकशी करते. कॅनडात कायम राहायला जाणाऱ्याला तिथले सरकार विचारते : वयाच्या १८ व्या वर्षानंतर, गेल्या दहा वर्षांत, जिथे सलग सहा महिने राहिलास, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला आण. तो तिथे जाऊन किराणा दुकान चालवणार असला तरी. भारतीय पोलीस दलात हाती बंदूक घ्यायला येणाऱ्याला आपण विचारतो वर्षभराच्या वास्तव्याचा पत्ता. दाखला देणारी कार्यालये तिकडेही आहेत. दुबईचे पोलीस देतात, ब्रिटनमध्ये मिळतो, अमेरिकेत बोटांचे ठसे देऊन मागवता येतो. अर्ज उमेदवाराने करायचा, खर्च त्याचा. सरकारने फक्त मागायचे.

ब्रिटनने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. तिथे १९७४ च्या कायद्याने जुनी शिक्षा काही वर्षांनी पुसली गेल्यासारखी धरतात आणि सामान्य नोकरीत ती सांगावी लागत नाही. पोलिसांना ही सवलत नाही. तिथे जुने सगळे सांगायचे. शिवाय उमेदवाराचे साधारण तीन वर्षांचे सलग वास्तव्य देशातच झालेले हवे. कारण सरळ आहे. ज्याचे मागचे दिवस तपासता येत नाहीत, त्याला वर्दी देता येत नाही. हा नियम परदेशी राहून आलेल्या सरळ माणसालाही अडवतो, म्हणून तो जसाच्या तसा उचलावा असे नाही. पण त्यात निदान स्वतःला काय कळत नाही, याची जाणीव आहे.

एक आक्षेप खरा आहे. परदेशातला प्रत्येक गुन्हा आपल्याकडे गुन्हा नसतो. कुवेतमध्ये दारूची बाटली जवळ बाळगणे गुन्हा आहे. सिंगापूरला च्युइंगगम विकायला नेणे गुन्हा आहे. याची शिक्षा झालेल्याला शिपाई होऊ द्यायचे नाही का? होऊ द्यावे. अवतार सिंग निकालानेही क्षुल्लक प्रकरणे पोटात घालायला सरकारला मुभा दिली आहे. पण त्यासाठी प्रकरण आधी कागदावर यावे लागते, आणि आपल्याकडे जे गुन्हा नाही ते लिहिल्याने नुकसान होणार नाही, हे उमेदवाराला नमुना भरतानाच कळावे लागते. आज त्याला वरची ताकीद तेवढी वाचायला मिळते. कुवेतची बाटली आणि लंडनची मारामारी त्याला सारखीच भीतीदायक वाटते, आणि तो दोन्ही गाळतो.

नमुना बदलायला संसदेत जावे लागत नाही. तो सरकारी आदेशाने आला आहे, आदेशानेच बदलतो. शिक्षेच्या रकान्यात ‘भारतात किंवा भारताबाहेर’ हे शब्द घालायचे. वास्तव्याच्या रकान्यातले वर्ष काढून महिने लिहायचे, आणि ‘एका वेळी’ ऐवजी ‘एकूण’. सहा महिन्यांच्या वर परदेशी राहिलेल्याकडून त्या देशाचा पोलीस दाखला मागायचा आणि पारपत्राच्या पानांच्या प्रतीही. बोटीवर काम करणाऱ्याला एका देशाचा दाखला पुरणार नाही. त्याच्याकडे नौकानयन खात्याची नोंदवही असते, कुठल्या बोटीवर कधी चढला आणि कधी उतरला ते तिच्यात लिहिलेले असते. ती जोडायला सांगावी. मग पाकिस्तानचा कंस राहिला काय आणि गेला काय.