मोटर्स चार, वाद हजार!

अमेरिकेत दर वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला, एका शनिवारी, एक जाडजूड नियमपुस्तक प्रसिद्ध होतं आणि देशोदेशीची हजारो शाळकरी पोरं त्यावर तुटून पडतात. अभ्यासाच्या पुस्तकावर एवढी झडप घातली असती तर आई-बापांनी पेढे वाटले असते! पण हे पुस्तक आहे रोबोंच्या स्पर्धेचं. 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' हे तिचं नाव. यंदाचा खेळ कोणता, मैदान कसं, गुण कशाला, हे सगळं त्या दिवशी उलगडतं. नवख्या मुलांचं लक्ष खेळाकडे असतं. मुरलेल्या संघांतली दोन-चार डोकी मात्र ती पानं बाजूला सारून थेट विजेच्या प्रकरणाकडे वळतात. कोणती मोटर चालेल? किती चालतील? गेल्या वर्षी पदरमोड करून घेतलेला कंट्रोलर यंदाच्या यादीत आहे की उडाला?

कारण खेळ दर वर्षी नवा असतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्याची तक्रार कुणी करत नाही. विजेच्या पानांवर एखादी ओळ बदलली, की मात्र मुलं, शिक्षक, मदतीला येणारे इंजिनिअर आणि वर्गणी काढणारे पालक असे सगळेच हमरीतुमरीवर येतात.

ही स्पर्धा सुरू केली डीन केमन या संशोधकाने. अंगावर बाळगता येणारा औषधाचा पंप आणि पुढे 'सेगवे' ही स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारी दुचाकी, ही त्याची कामं. खेळाडू आणि सिनेनटांमागे धावणाऱ्या पोरांना विज्ञानाचंही तेवढंच वेड लागावं, म्हणून १९८९ मध्ये त्याने 'फर्स्ट' ही संस्था काढली. (क्रिकेटच्या मॅचपायी अभ्यासाला दांडी मारणारं पोर ज्या घरात आहे, तिथे केमनचं दुखणं समजावून सांगायला नको!) जोडीला होते एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स. आपल्या वर्गात ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती सटरफटर वस्तूंची एकसारखी पेटी द्यायचे आणि यातून यंत्र बनवून दाखव म्हणायचे. तीच कल्पना स्पर्धेत आली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी, एका हायस्कूलच्या जिममध्ये पहिला सामना रंगला, तेव्हा संघ होते २८. आज ही संख्या तीन हजारांवर गेलीय. तुर्कस्तान, इस्रायल, चीनमधले संघ असतात. मुंबईच्या मुलांचा 'आर फॅक्टर' हा ६०२४ क्रमांकाचा संघही या मैदानात उतरलाय.

सुरुवातीला वादाला जागाच नव्हती. सर्वांना पेटी सारखी. ड्रिल मशीनची मोटर, गाडीची काच वर-खाली करणारी मोटर, लहान मुलांच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतली मोटर... जे मिळेल त्यातून भागवायचं. श्रीमंत शाळेला पैसे ओतायचे म्हटले तरी ओतणार कुठे? पुढे बाजारात खास या स्पर्धेसाठी भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, परवानगीची यादी लांबत गेली आणि कटकटीही वाढल्या.

या रोबोच्या पोटात वीज कशी खेळते, ते एकदा पाहायला हवं. रोबो म्हणजे सिनेमातला दोन पायांचा माणूस नव्हे. चाकांवरचं, सगळं सामान धरून साठ किलोंच्या वर जाणारं धूड ते. अडीच मिनिटांच्या आसपासच्या सामन्यात ते मैदानभर पळतं, वस्तू उचलतं, फेकतं, वर चढतं. एवढ्या सगळ्याला ताकद पुरवते एकच बॅटरी. १२ व्होल्टची, सुमारे सहा किलोंची सीलबंद लेड-ॲसिड. घरच्या यूपीएसमध्ये असते त्याच जातीची. बॅटरीनंतर मेन ब्रेकर, १२० अँपिअरचा. पुढे प्रत्येक मोटरच्या फांदीवर छोटा ब्रेकर, जास्तीत जास्त ४० अँपिअरचा. ब्रेकर मोठा तर तारही जाड हवी, तिचीही मापं ठरलेली. सामन्याआधी इन्स्पेक्टर येतो आणि एकेक तार हाताने ओढून पाहतो. अनेक मुलांना घरचा फ्यूज का उडतो, हे या टेबलापाशी पहिल्यांदा कळतं.

आता कुणीही विचारेल, मोबाईलपासून स्कूटरपर्यंत सगळीकडे लिथियम बॅटरी आली असताना हे शिशाचं ओझं कशासाठी? उत्तर सोपं आहे. लिथियम बॅटरी हलकी खरी, पण धडकेत तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते आणि ती आग सहजी विझत नाही. शेकडो प्रेक्षकांच्या बंद सभागृहात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती हा जुगार कोण खेळेल? लेड-ॲसिड फुटलीच तर आम्ल गळतं. त्यावर उपाय म्हणून जाणते संघ बॅटरीशेजारी खाण्याच्या सोड्याचा डबा ठेवतात. ढोकळ्यात पडतो, तोच सोडा! लिथियमला मुभा आहे ती कॅमेरा वगैरेंसाठीच्या छोट्या पॉवर बँकेपुरती, तीही १०० वॅट-तासांच्या मर्यादेत.

गंमत अशी, की आशियातल्या 'रोबोकॉन'चा न्याय नेमका उलटा. तिच्या नियमपुस्तकांत वर्षानुवर्षं लेड-ॲसिड बॅटरीच धोकादायक वस्तूंच्या यादीत बसलेली दिसते. आम्ल सांडून मैदान खराब होण्याची भीती! तिथली इंजिनिअरिंगची मुलं लिथियम बॅटऱ्या बिनदिक्कत वापरतात, मात्र व्होल्टेजवर मर्यादा असते. पुणेकरांना ही स्पर्धा नवी नाही. दूरदर्शनची राष्ट्रीय फेरी कित्येक वर्षं बालेवाडीत व्हायची. २००८ मध्ये तर आंतरराष्ट्रीय रोबोकॉनच पुण्यात भरली आणि खेळ ठेवला होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. २०२२ मध्ये यजमानपद भारताकडे होतं, तेव्हा रोबोंनी खेळायची होती लगोरी! एकीकडे सक्ती असलेली वस्तू दुसरीकडे निषिद्ध, यात कुणाचं चुकलं असं नाही. एक भितो आगीला, दुसरा आम्लाला.

बॅटरीवर एकमत झालं तरी मोटरवर होत नाही. तिथे पैसा आहे आणि वेगही. अमेरिकेतल्या स्पर्धेत बरीच वर्षं 'सिम' नावाच्या मोटरचं राज्य होतं. जाडजूड, मजबूत, कमाल ताकद सुमारे ३३७ वॅट. अशा किती लावायच्या यावर बंधन असायचं. एकेकाळी चार, मग सहा. २०१९ च्या हंगामात ब्रशविना चालणाऱ्या नव्या मोटर्सना दार उघडलं आणि चित्रच पालटलं. २०२० मध्ये आलेल्या 'फाल्कन ५००' या मोटरची कमाल ताकद कंपनीच्या हिशेबाने ७८३ वॅट, म्हणजे जुन्या सिमच्या दुपटीहून जास्त. वजन उलट कमी!

मग संघांनी काय करावं? नुसत्या चाकांनाच सहा-सहा, कुणी आठ-आठ मोटर्स लावल्या. सहा फाल्कन म्हणजे कागदावर ४६९८ वॅट. घरातले दोन गीझर आणि वर एक इस्त्री एकदम चालू करावी, तेवढी ही भूक. १२ व्होल्टच्या बॅटरीतून एवढं ओढायचं तर ३९० अँपिअरहून जास्त प्रवाह हवा आणि मेन ब्रेकर तर १२० चा! तो क्षणभर जादा प्रवाह सोसतो, लगेच पडत नाही. पण बॅटरीचा जीव तेवढ्यात कासावीस होतो. व्होल्टेज सातच्याही खाली घसरलं, की रोबोचा मेंदू मोटर्सचा पुरवठा तोडतो आणि ऐन सामन्यात यंत्र उचकी लागल्यासारखं थांबत-थांबत चालतं. शिवाय साठ किलोंचं धूड दुप्पट वेगाने आदळलं तर दणका दुप्पट नव्हे, चौपट बसतो.

अखेर २०२४ च्या नियमपुस्तकात एक ओळ आली. रोबोला मैदानावर पळवणाऱ्या मोटर्स चारच. बाकी हात हलवायला, वस्तू फेकायला वेगळ्या लावा, पण पळवणाऱ्या चार.

वरवर पाहता फर्मान सगळ्यांना सारखं. पण पोरांनी लगेच बोट ठेवलं ते दुसऱ्याच जागी. या मैदानात दोन तऱ्हेचे रोबो असतात. एक रणगाड्यासारखा, डाव्या बाजूची चाकं एकत्र, उजव्या बाजूची एकत्र. स्वस्त आणि सोपा. दुसरा 'स्वर्व्ह', म्हणजे ज्याचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हव्या त्या दिशेला वळतं. खेकड्यासारखा आडवाही पळतो. त्याच्या एकेका चाकाच्या जुळणीलाच काही शे डॉलर्स मोजावे लागतात. तिथे चाकागणिक एक मोटर पळवायला, एक वळवायला. नियमात वळवणाऱ्या मोटर्स धरलेल्या नाहीत. म्हणजे स्वर्व्हवाल्यांच्या आठही मोटर्स शाबूत! सहा मोटर्स लावून वेगाची भरपाई करणाऱ्या रणगाडेवाल्यांच्या मात्र दोन गेल्या. गरिबांसाठी काढलेल्या कायद्याची झळ गरिबालाच, हा त्यांचा आक्षेप आणि तो अगदीच पोरकट म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. बंधन नसतं तर पैसेवाल्याने आठ लावल्या असत्या, ते पाहून दुसऱ्याने कर्ज काढून आठ लावल्या असत्या. चारचा आकडा पडल्यावर निदान ती शर्यत थांबली. आणि बळ मर्यादित असलं की गिअर कोणता, वजन कुठे, याचा विचार करावा लागतो. शिकण्यासारखं तर तिथेच असतं. या मुद्द्यात तथ्य जास्त आहे. पण मग वळवणाऱ्या मोटर्सनाही कुठेतरी हिशेबात धरायला हवं होतं, हे मान्य करायला काय हरकत आहे?

'व्हेक्स' या दुसऱ्या लोकप्रिय विद्यार्थी-स्पर्धेने वेगळी वाट काढली. तिथे पूर्वी ११ वॅटच्या आठ मोटर्सची मर्यादा होती. २०२३-२४ च्या हंगामापासून मोटर्स मोजणं सोडून वॅट मोजायला सुरुवात झाली. एकूण ८८ वॅट, मग ११ च्या आठ लावा किंवा साडेपाच वॅटच्या छोट्या मोटर्स मिसळून त्यांची वाटणी करा. महिन्याचा किराणा ठरलेल्या रकमेत बसवणाऱ्या गृहिणीला ही पद्धत चटकन पटेल!

संघांना खरी धास्ती असते ती भाग बाद होण्याची. मोटर-कंट्रोलर कोणते चालतील, याची नावानिशी यादी असते आणि यादीबाहेरचा कितीही चांगला असला तरी इन्स्पेक्टर नाही म्हणतो. प्रवेश शुल्कच सहा हजार डॉलर्सच्या घरात. त्यात भारतातल्या संघाला हे सुटे भाग अमेरिकेतून मागवायचे, वर कस्टम्स भरायचं. रोबोचा मेंदू म्हणजे मुख्य कंट्रोलरही अधूनमधून बदलतो. २००९ मध्ये 'सीरिओ' आला, २०१५ मध्ये त्याच्या जागी 'रोबोरिओ' आणि २०२७ च्या हंगामासाठी 'सिस्टीमकोअर' या नव्या कंट्रोलरची घोषणा झालेली आहे.

बाद झालेलं सामान कुणी भंगारात देत नाही म्हणा. जुन्या सिम मोटर्स आणि जुने कंट्रोलर जोडून सरावाचा रोबो बनतो आणि शाळेत नव्याने भरती झालेली मुलं त्यावर तारा सोलायला, जोडायला शिकतात. चाकांना मोटर्स किती लावल्या, हे विचारायला तिथे कुणी येत नाही.