पराभूत पक्ष पुन्हा कसा उभा राहतो? १९५७ ते १९६२ : महाराष्ट्राने दिलेले उत्तर (थ्रेड)

१/
पक्ष हरला की त्याला हमखास तीन औषधे सुचवली जातात : चेहरा बदला, घोषणा बदला, प्रचारयंत्रणा बदला. मग चिंतन शिबिर भरते, ठराव संमत होतात आणि पुढच्या निवडणुकीत निकाल तोच लागतो. महाराष्ट्रात मात्र एका पक्षाने नेता तोच आणि बैलजोडी हे चिन्हही तेच ठेवून, पाच वर्षांत मानहानीचे रूपांतर निर्विवाद विजयात केले. त्याने जे बदलले, ते बदलण्याची तयारी पराभूत पक्षांत क्वचितच दिसते.

२/
वर्ष १९५७. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४ मिळाल्या. आकडा बहुमताचा दिसतो. पण ते बहुमत गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर उभे होते. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचा धुव्वा उडवला. आचार्य अत्रे, डांगे, ना. ग. गोरे, नाथ पै असे समितीचे धुरीण निवडून आले. स्वतः मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून निसटत्या मतांनी वाचले. १९५८ साली मुंबईच्या महापौरपदी कम्युनिस्ट नेते मिरजकर बसले.

३/
कारण साऱ्यांना ठाऊक होते. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधील गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे बळी पडली. मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा झाली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडले. अशा वेळी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपण नेहरूंची निवड करू, अशी भूमिका यशवंतरावांनी घेतली होती. मराठी मतदाराने तिची किंमत १९५७ मध्ये वसूल केली.

४/
येथे पहिला भ्रम दूर करायला हवा. ‘आमचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचले नाही’ हे प्रत्येक पराभूत पक्षाचे आवडते स्पष्टीकरण असते. १९५७ च्या काँग्रेसपाशी सत्ता होती, साधने होती, नेहरूंसारखा वक्ता होता. तिचे म्हणणे गावोगाव पोहोचले होते. लोकांनी ते ऐकले, समजून घेतले आणि नाकारले. ‘मराठा’ दैनिक आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने तो नकार केवळ गाजवला. निर्माण केला तो काँग्रेसच्याच भूमिकेने. नाकारलेले म्हणणे अधिक मोठ्या आवाजात सांगितल्याने ते स्वीकारले जात नाही.

५/
म्हणून पहिली पायरी : ज्या भूमिकेने हरवले, ती सोडणे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी नेहरू आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. मराठी मुलखाचा कौल दिल्लीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. द्वैभाषिक राज्य टिकणार नाही, ही गोष्ट पुढे यशवंतरावांनी श्रेष्ठींच्या गळी उतरवली. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी होत्या. त्याही विभाजनाला अनुकूल झाल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

६/
‘ही तर समितीच्या मागणीची चोरी!’ हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि नैतिकदृष्ट्या तो निराधार नव्हता. रक्त आंदोलकांचे सांडले, मंगल कलश मात्र काँग्रेसच्या हाती आला. परंतु मतदार मागणीच्या मालकीचा खटला चालवत नाही. मागणी पूर्ण झाली की नाही, एवढेच तो पाहतो. विरोधकाचे म्हणणे खरे होते, हे कृतीने मान्य करणे हा पराभूत पक्षाला सर्वांत कडू वाटणारा घोट आहे. तो गिळल्याखेरीज पुढचे उपचार लागू पडत नाहीत.

७/
दुसरी पायरी : आपला समाज विस्तारणे. हे राज्य मराठी की मराठा, असा रोखठोक प्रश्न ग. त्र्यं. माडखोलकरांनी विचारला. राज्य मराठी जनतेचे असेल, अशी ग्वाही यशवंतरावांनी दिली. ग्वाही स्वस्त असते. म्हणून तिच्यामागची कृती महत्त्वाची. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सवलतींना मुकलेल्या नवबौद्धांना राज्याने शैक्षणिक सवलती दिल्या. गरीब घरच्या मुलांना, जात न पाहता, फीमाफी मिळू लागली.

८/
तिसरी पायरी : भाषणाऐवजी संस्था. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग आधीच सिद्ध केला होता. सरकारने त्याला धोरणाचे पाठबळ दिले. १९६० मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ मध्ये जिल्हा परिषदांचा कायदा आला. गावातल्या कर्तबगार तरुणापुढे आता दोन वाटा होत्या : एका वाटेवर मोर्चा होता, दुसरीवर सोसायटी, कारखाना आणि पंचायत समिती. त्याने कोणती निवडली, हे सांगायला नको.

९/
चौथी पायरी : दार उघडे ठेवणे. शेतकरी कामगार पक्षात घडलेले यशवंतराव मोहिते राज्यस्थापनेच्या सुमारास काँग्रेसमध्ये आले. साहित्य संस्कृती मंडळाची धुरा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे सोपवली गेली. कालच्या विरोधकाला अपमान न करता सामावून घेणे हे टोळीला जमत नाही. पक्षाला जमावे लागते.

१०/
आणि समिती? तिची शोकांतिका तिच्या यशातच होती. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, रिपब्लिकन यांना एकत्र बांधणारा धागा एकच होता. राज्य मिळाले आणि धागा सुटला. बेळगावचा प्रश्न ज्वलंत होता. पण शेती, पाणी, शिक्षण यांवरचा समान कार्यक्रम समितीपाशी नव्हता. समान शत्रूवर उभी राहिलेली आघाडी शत्रू नमला की कोसळते. आजच्या आघाड्यांनी हे वाक्य कार्यालयाच्या भिंतीवर लावावे.

११/
१९६२ चा निकाल : महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५. शेकाप १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६, रिपब्लिकन ३. सगळीकडेच मनोमीलन झाले होते, असे नव्हे. नागपूरने वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते बापूजी अणे यांना लोकसभेत पाठवले. तरीही पाया किती खोल गेला होता, याचा पुरावा १९६७ मध्ये मिळाला. देशभर अनेक राज्यांत काँग्रेस कोसळली, तेव्हा महाराष्ट्रात तिने २७० पैकी २०३ जागा जिंकल्या.

१२/
‘सत्ता हाती होती म्हणून जमले,’ असे कोणी म्हणेल. सत्ता १९५७ मध्येही हातीच होती. तिने पश्चिम महाराष्ट्र वाचवला नाही. सत्तेमुळे संस्था उभारणे सोपे झाले, हे खरे. पण आपण चुकलो हे ओळखण्यासाठी सत्ता लागत नाही, आणि विरोधात बसलेल्या पक्षालाही पतसंस्था, वाचनालय, कामगार संघटना काढण्यास कोणी मज्जाव केलेला नाही.

१३/
या यशाचा काळा भाग झाकून ठेवणे मात्र अप्रामाणिक ठरेल. ज्या कारखान्यांनी आणि बँकांनी पक्षाला गावात मुळे दिली, तीच पुढे मोजक्या घराण्यांची मिरास झाली. उघडे दार हळूहळू वारसांपुरते उरले. मराठी जनतेच्या राज्याची ग्वाही सत्तेच्या वाटपात फिकी पडली. नव्या माणसाला आत घेणाऱ्या संस्था नव्या माणसाला अडवू लागल्या, तेव्हाच पुढच्या पराभवांचे बी पेरले गेले.

१४/
तात्पर्य कठोर आहे. पराभव ही जाहिरातीतली चूक नसते; तो निकालपत्राच्या भाषेत लिहिलेला आरोप असतो. तो वाचावा, खरा असेल तर कबूल करावा, विरोधकाचे जे योग्य ते आपले करावे, आणि माणसांना रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल असे काही उभारावे. चेहरा, घोषणा, चिन्ह यांचा विचार त्यानंतर. १९५७ नंतरच्या काँग्रेसने हा क्रम पाळला. आजचे पराभूत पक्ष, त्यांत तीही आली, तो उलटा लावतात आणि मतदाराला दोष देतात.