सनदेची तारीख निकालाच्या हाती
मुंबई, प्रतिनिधी

कायद्याची पदवी हाती पडली म्हणजे कोणी वकील होत नाही. त्यासाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या न्यायालयात वकिली सुरू करू पाहणाऱ्या उपनगरांतील विद्यार्थ्यांसाठी ही सनद कोणत्या तारखेला मिळते, हा प्रश्न आता कळीचा ठरला आहे.

गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने या वाटेवरील दोन अडथळे दूर केले. राज्याराज्यांत नोंदणीसाठी १५ हजारांपासून ४२ हजार रुपयांपर्यंत रक्कम आकारली जात होती. वकील कायदा, १९६१ मध्ये मात्र सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये एवढेच शुल्क आहे. त्याहून अधिक घेता येणार नाही, असे न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी बजावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना बार परीक्षेस बसू देण्याचा आदेशही दिला. निकालाची वाट पाहण्यात परीक्षेची संधी हुकण्याची भीती त्यामुळे कमी झाली.

परंतु २० मे २०२५ च्या निकालाने चित्र पालटले. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट न्यायालयाने पुन्हा लागू केली. ही वर्षे मोजायची ती बार परीक्षेच्या नव्हे, तर तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून. म्हणजे परीक्षा आधी देऊनही घड्याळ सुरू होते ते सनदेपासूनच. आणि कायद्यातील कलम २४ नुसार पदवीविना सनद नाही.

येथेच विद्यापीठाची जबाबदारी येते. २०१७ मध्ये ऑनलाइन मूल्यांकनाच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे कायद्यासह अनेक शाखांचे निकाल रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. तसे पुन्हा घडल्यास विद्यार्थ्यांचे केवळ काही महिने वाया जाणार नाहीत, तर न्यायाधीशपदाच्या भरतीची एखादी संपूर्ण फेरीही हुकू शकेल.

त्यावरील उपाय कायदा न बदलताही शक्य आहे. बार कौन्सिलने अंतिम सत्रातच अर्ज स्वीकारून कागदपत्रांची छाननी उरकावी आणि निकाल लागताच नोंदणी करावी. विद्यापीठानेही विधी शाखेच्या निकालाची तारीख आधी जाहीर करून ती पाळावी. शुल्काचा भार न्यायालयाने हलका केला. विलंबाचा भार मात्र या दोन संस्थांनीच उतरवायचा आहे.